येल्मरचं खातं

मेरल सकाळी नवाला आली, कोट काढून खुंटीला लावला, हात मिळवला आणि पहिलं विचारलं ते संडास कुठे आहे. अल्कमारहून पाऊण तास गाडी चालवत आलेल्या माणसानं हे विचारण्यात काही वावगं नाही. रेन्स्केनं ऑफिसच्या मागचं दार दाखवलं आणि ती कॉफीच्या तयारीला लागली. पाच मिनिटांनी मेरल बाहेर आली ती हसू दाबतच.

"बाई, तुमचा कॉम्प्युटर जरा इकडे करता?"

रेन्स्केनं केला. मेरलनं उभ्याउभ्याच रेन्स्केच्या नवऱ्याचं, सिब्रांतचं नाव टाकलं, पुढे चौदा मार्च टाकलं, आणि शेताच्या नोंदवहीतलं सिब्रांतचं खातं उघडलं. मग रेन्स्केचं नाव, दोन सप्टेंबर. तेही उघडलं. मग पॅकिंगच्या शेडमधल्या कोसचं, एकोणतीस जून. तिघांचीही दारं सताड उघडी.

"हे तुला कुणी सांगितलं?" रेन्स्केच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"कमोडसमोरच्या भिंतीनं."

"म्हणजे वाढदिवसांच्या कॅलेंडरनं? पोरी, ते संडासात लावायचं नाही तर लावायचं कुठे?"

"लावा की. आमच्याकडेही तिथेच आहे. पण तोच पासवर्ड?" मेरलनं खुर्ची ओढली. "एप्रिलमध्ये तुम्ही शेत बघायला लोकांना बोलावता ना? किती येतात?"

"तीनशे. उन्हं चांगली असली तर चारशे."

"आणि त्यांना कॉफी देता."

"मग काय, कोरडंच पाठवायचं?"

"म्हणजे सगळे एकदा तरी तिथे जाऊन बसतात," मेरल म्हणाली. "बसतात आणि समोर बघतात."

रेन्स्केला हसू आलं नाही. माणसांना ट्यूलिप दाखवताना आपण सगळ्या वाफ्यांना दोऱ्या बांधतो, नव्या जातींपाशी कोसला उभा करतो, कुणी एक कंदही खिशात टाकू नये म्हणून. आणि मागे कमोडवर बसून कुणी आख्खं घर धुऊन नेलं, असं तिला वाटलं. लाज वाटली म्हणा.

कॉम्प्युटरची सुरक्षा बघणाऱ्या मेरलला बोलावलं होतं ते चोरी झाली म्हणूनच. सिब्रांतनं एकोणीस वर्षं खपून एक ट्यूलिप जमवला होता, जो ओल्या जमिनीतही सडत नव्हता. ट्यूलिपच्या धंद्यात गुपित म्हणजे फूल नव्हे, फूल सगळ्यांना दिसतं. गुपित म्हणजे कुठल्या आईला कुठला बाप लावला ते. सिब्रांतच्या फुलाचे आईबाप म्हणजे दोन जुन्या, टाकाऊ जाती होत्या; तीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. आणि जानेवारीत बातमी आली की कुणीतरी परदेशातून त्या दोन्ही जातींचे मिळतील तेवढे सगळे कंद विकत घेतले. एका आठवड्यात. दोन्हींचे. सिब्रांत तेव्हा टेबलाशी बसून नुसता पावाच्या तुकड्याकडे बघत राहिला होता. त्याला रागावताना रेन्स्केनं आयुष्यभर बघितलं होतं, असं गप्प झालेलं पहिल्यांदाच.

"आधी सगळे पासवर्ड बदलू," मेरलनं वही उघडली. "मग जी खाती कुणी वापरत नाही ती बंद. इथे सात दिसतात. तुम्ही तिघं झालात. या दोन बायका हंगामी होत्या? बंद. हा हिशेबनीस वारला? बंद. आणि हा येल्मर कोण?"

"तो राहू दे," रेन्स्के म्हणाली.

"इथे काम करतो?"

"आमचा मुलगा आहे."

"करतो का पण काम?"

"नॉर्वेत असतो." रेन्स्केनं कपात दूध ओतलं, नको इतकं ओतलं. "बाकी तुला हवं ते बंद कर. तेवढं एक राहू दे."

मेरलनं मान वर केली नाही, पण वहीत त्या नावापुढे काही लिहिलंही नाही. तेवढ्यावर रेन्स्केनं तिला मनातल्या मनात शंभर गुण देऊन टाकले.

येल्मरला जाऊन सात वर्षं झाली होती. कुठल्या आईला कुठला बाप लावला त्याची ही नोंदवही कॉम्प्युटरवर आणली ती त्यानंच. बापाच्या चौदा काळ्या वह्या दोन हिवाळे बसून एकेक ओळ उतरवल्या. मग फवारणीवरून दोघांचं वाजलं. येल्मरचं म्हणणं, ही औषधं थांबवा, पाटातले बेडूक संपले. बापाचं म्हणणं, ट्यूलिप वर्तमानपत्र वाचत नाही, त्याला बुरशी लागते ती लागतेच. शब्दानं शब्द वाढला, दार आपटलं, आणि पोरगा नॉर्वेत माशांच्या पैदाशीवर कामाला लागला. "फुलांना औषध नको म्हणणारा आता माशांना इंजेक्शनं देतोय," असं सिब्रांत पाहुण्यांना सांगायचा आणि एकटाच हसायचा. नव्या वर्षाला येल्मरचं कार्ड यायचं. दोन ओळी, सही, सहीखाली फोन नंबर. "दार आपटणाऱ्यानंच येऊन ठोठवायचं असतं," सिब्रांत म्हणायचा. सुंभ जळला तरी पीळ जाईना.

रेन्स्केनं तरी फोन का केला नाही? सुरुवातीला नवऱ्याची धुसफूस नको म्हणून. आणि नंतर गरजच वाटेनाशी झाली म्हणून. कारण पाच वर्षांपूर्वी, एप्रिल संपता संपता, नोंदवहीच्या कोपऱ्यात जिथे 'कोण कधी आलं' ते दिसतं, तिथे एका सकाळी नाव उमटलं: येल्मर.

ती कितीतरी वेळ त्या नावाकडे बघत बसली होती. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, न चुकता. पोरगा यायचा, वही उघडायचा, बघायचा आणि जायचा. बोलायचा नाही. बापावर गेलेला, दुसरं काय.

मग तिनं त्याला लिहायला सुरुवात केली. येल्मरनं सोळाव्या वर्षी स्वतःच्या हातानं एक संकर केला होता, रांग दोनशे बारा. फूल अगदीच बेताचं निघालं, पण रेन्स्केनं ती रांग कधी मोडू दिली नाही. त्या रांगेच्या शेऱ्याच्या रकान्यात दुसरं कुणी बघायला जाणार नव्हतं. तिथे ती लिहायची. 'उंची चाळीस सेंटिमीटर. आपला बोका गेला, सफरचंदाखाली पुरला.' 'पानं निरोगी. तुझी खोली रंगवली, रंग तोच ठेवलाय.' 'कंद जमिनीत गेले. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन नीट झालं. बिनमिठाचं जेवतात आणि सगळ्यांवर खेकसतात. तुझी आठवण काढत नाहीत, पण तुझी सायकल विकू देत नाहीत.' उत्तर कधी आलं नाही. तिला वाटायचं, येतो ना दर महिन्याला, पुरे आहे. आईला अशा थोडक्यातही भागवता येतं.

दहाला सिब्रांत आत आला. लाकडी बूट दाराशी काढून, मोज्यांवर, गार हवा घेऊन. हात मिळवून बसला.

"मग, बैल गेला, आता झोपा करायला आलीस?"

"झोपा दुसऱ्या बैलांसाठी," मेरल म्हणाली. "उरलेत ना अजून?"

"तोंडाळ आहे," सिब्रांत बायकोकडे बघून म्हणाला. त्याला ती आवडली होती. त्यानं बिस्किटाचा डबा तिच्यापुढे केला, तिनं एक घेतल्यावर झाकण लावलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उघडून दुसरं दिलं. "सगळं काळ्या वह्यांत होतं तेव्हा काय होतं माहितीये? ते चोरायला चोराला माझ्या पलंगाखाली शिरावं लागलं असतं. आणि तिथे ही झाडून घेते, त्यामुळे तो सापडलाच असता."

"कुलपं लावणं झालं का?" त्यानं उठता उठता विचारलं.

"एक राहिलंय," मेरल म्हणाली. रेन्स्केनं तिच्याकडे पाहिलं, पण मेरल दुसरं बिस्किट खात राहिली, आणि सिब्रांत वखारीत कंद चाळायला निघून गेला.

दार लागल्यावर मेरलनं खुर्ची रेन्स्केजवळ सरकवली.

"बाई, एक विचारू? तो दर महिन्याला येतो असं तुम्हाला वाटतं ना?"

"वाटतं म्हणजे? नाव येतं त्याचं."

"तुम्हाला नाव आणि तारीख दिसते. मला बाकीचंही दिसतं. कुठून आला, किती वेळ थांबला, काय उघडलं." तिनं कॉम्प्युटर वळवला. समोर लांबच लांब यादी होती. "हे बघा. एप्रिलमधलं पहिलं. तुमची पाहुण्यांची गर्दी झाली त्यानंतर नऊ दिवसांनी. नॉर्वेतून नाही हे. आणि दर वेळी चार मिनिटं. चार मिनिटांत पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळी वही उचलून नेलेली आहे. दर महिन्याला. माणूस असं वाचत नाही."

रेन्स्केला कळलं होतं, तरी तिनं विचारलं, "मग कोण?"

"ज्यानं ते कंद विकत घेतले तो असेल. किंवा त्यानं ज्याला पैसे दिले तो. येल्मरच्या वाढदिवसाची तारीख अजून कॅलेंडरवर आहे."

असेलच. दर वर्षी त्या दिवशी रेन्स्के केक करायची. सिब्रांत एक शब्द न बोलता दोन तुकडे खायचा.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते असं. पाच वर्षं ती दर महिन्याला वाकून वाकून लिहीत होती. बोक्याचं, खोलीचं, नवऱ्याच्या छातीवरच्या टाक्यांचं. एकदा तर 'तू लहानपणी जसा माझ्या पाठीवर डोकं ठेवायचास' असंही लिहिलं होतं, आणि पुसायला गेली होती, आणि पुसलं नव्हतं. ते कुणा परक्यानं वाचलं. तिचे कान तापले, मान तापली.

"त्यानं वाचलं सगळं?" ती कशीबशी म्हणाली. "दोनशे बारा?"

मेरलनं ती रांग सकाळीच पाहिली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "कुणी वाचलं नसणार, बाई. यंत्र उचलून नेतं. त्यांना आईबाप जातींचा रकाना हवा होता. बाकीचं तसंच पडलं असेल कुठेतरी."

तिनं धीर द्यायला म्हणून सांगितलं. पण रेन्स्केला ते चोरानं वाचण्यापेक्षाही वाईट वाटलं. चोरानं वाचलं असतं तर निदान कुणीतरी वाचलं असतं. ती उठली, खिडकीशी गेली. बाहेर फेब्रुवारीचं शेत, पेंढ्याखाली झाकलेलं, आणि बंधाऱ्यापर्यंत कुणी नाही. सात वर्षांत आपला मुलगा एकदाही आला नाही, आणि आपण मात्र तो येतोय म्हणून त्याला एक फोन केला नाही. हे तिला एकदम, स्पष्ट, शब्दांत कळलं.

"बंद कर ते खातं," ती पाठमोरीच म्हणाली.

मेरलनं लगेच बंद केलं नाही. बराच वेळ कळा दाबल्याचा आवाज येत राहिला.

"बाई. इकडे या."

"आता काय राहिलंय?"

"यादीत बासष्ट भेटी आहेत. अठ्ठावन्न चोराच्या. चार वेगळ्या आहेत."

रेन्स्के आली. मेरलनं बाकीच्या ओळी झाकून टाकल्या. चार उरल्या. चारही नॉर्वेतून. एक तीन वर्षांपूर्वीच्या ख्रिसमसची, पन्नास मिनिटं. एक पुढच्या मे महिन्यातली. "त्या महिन्यात दोनदा आला म्हणून मी सफरचंदाचा केक केला होता," रेन्स्के पुटपुटली. चारही वेळा सगळी वही नाही, एकच पान उघडलं होतं. रांग दोनशे बारा.

तिनं तोंडावर हात ठेवला. मेरल मात्र स्वतःच कशानं तरी अस्वस्थ होती.

"शेवटची भेट मागच्या नोव्हेंबरच्या आधीच्या नोव्हेंबरची."

"ऑपरेशनचं लिहिलं होतं मी तेव्हा."

"हो. दोन दिवसांनी तो आलाय. आणि हे बघा, दुपारी बारा दहा, बारा चौदा, बारा एकतीस. तीनदा त्यानं त्या रकान्यात काहीतरी लिहून ठेवायचा प्रयत्न केलाय. तिन्ही वेळा नाकारलं गेलं. त्याच्या खात्याला फक्त वाचण्याची परवानगी आहे, लिहिण्याची नाही."

"त्यानंच तर बनवली ही वही! त्याला कशी नाही?"

"आधी होती. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी काढून घेतलीये. सिब्रांत यांच्या खात्यातून."

"त्याला काय दिसलं असेल?" रेन्स्केनं विचारलं. "तीनदा?"

मेरलला सांगायचं नव्हतं. पण ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "एक ओळ येते. 'तुम्हाला इथे लिहिण्याचा अधिकार नाही.'"

रेन्स्के सपाता घालूनच बाहेर गेली, अंगण ओलांडून, वखारीच्या दारात उभी राहिली. सिब्रांत जाळीवर वाकला होता. तिनं काहीही न सांगता त्याला हाताला धरून आणलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला असं कधी आणलं नव्हतं, त्यामुळे तो आला, बूट न काढता, मातीसकट.

"येल्मरचं लिहिणं तू बंद केलंस?"

तो यादीकडे बघत राहिला. त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण मुलाचं नाव येत होतं.

"दुरुस्तीवाल्याला बसवून करून घेतलं," तो म्हणाला. "डोक्यात राख घातली होती ना तेव्हा. मी सांगितलं, पूर्ण बंद कर. तो म्हणाला, पूर्ण करू का वाचण्यापुरतं ठेवू?" त्यानं टोपी काढून हातात घेतली. "म्हटलं, ठेव वाचण्यापुरतं."

"का?"

"त्यात त्याच्या रांगा आहेत, रेन्स्के. बघावंसं वाटलं तर बघेल, म्हटलं." आणि मग, खूपच हळू, "आला होता का?"

"चारदा. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी तीनदा लिहायला बघत होता. त्याला उत्तर गेलं, अधिकार नाही म्हणून. त्याला वाटलं असेल, बाप बोलतोय. त्यानंतर तो आलेला नाही."

सिब्रांत खुर्चीत बसला. जानेवारीत बसला होता तसाच. त्याच्या बुटांची माती फरशीवर सुटत होती, आणि रेन्स्केला त्याचा संताप आला होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदमच, आणि त्यातलं कुठलं आधी बोलावं ते तिला सुचेना.

"काय लिहिलं होतं त्यानं?" सिब्रांतनं मेरलला विचारलं. "ते काढ की बाहेर. तू शिकलेली आहेस."

"नाकारलेलं कुठेच राहत नाही. किती वाजता नाकारलं एवढंच राहतं." मेरलनं मान हलवली. "मी करू शकले असते तर केलं असतं. खरंच."

मग मेरल म्हणाली की खातं आता बंद करायलाच हवं, चोर पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार. रेन्स्के म्हणाली, "सरक." बाण कुठे न्यायचा ते मेरलनं दाखवलं, बटण रेन्स्केनं स्वतः दाबलं. यादीतून नाव गेलं. एवढं भ्यायली होती रेन्स्के या एका गोष्टीला, आणि ती शिंक येऊन जावी तशी झाली.

मग तिनं खणातून नव्या वर्षाचं कार्ड काढलं आणि फोन जवळ ओढला.

"मी बाहेर थांबतो," सिब्रांत उठायला लागला.

"बस खाली."

तो बसला. मेरलनं उगाच वहीत काहीतरी शोधायला घेतलं. घंटा वाजत राहिली, चार, पाच, सहा, रेन्स्केला वाटलं तिकडे पाण्याच्या टाक्यांत त्याला ऐकूच जात नसेल, आणि मग पाण्याचा आवाज आला आणि त्यात कुणीतरी परक्या भाषेत हॅलो म्हणालं. सात वर्षांत आवाज जाड झाला होता. तिनं तोंड उघडायच्या आधीच त्यानं पुन्हा विचारलं, आता आपल्या भाषेत, कारण नंबर दिसला असेल, "कोण? बाबांना काही झालं का?"

"बाबा इथे बसलेत," ती म्हणाली. "येल्मर, ते तुझं लिहिलेलं आमच्यापर्यंत आलं नाही रे. आम्हाला आज कळलं. काय लिहिलं होतंस तू?"